गच्ची ते न्हाणीघर : गरम पाण्याच्या वाटेविषयी

सोलर बसवायचं ठरलं की घरात चर्चा होते ती टाकीची. शंभर लिटरची पुरेल की दोनशेची घ्यावी, काचेच्या ट्यूबचं घ्यावं की तांब्याच्या पॅनेलचं, गॅरंटी किती वर्षांची, ढगाळ दिवशी काय करायचं. दोन-तीन ठिकाणची कोटेशनं येतात, आकडे ताडून पाहिले जातात, आणि या सगळ्या कागदांत पाइपांचा उल्लेख तळाशी एका ओळीत असतो : प्लंबिंगचा खर्च प्रत्यक्ष कामानुसार वेगळा. त्या ओळीवर कोणी थांबत नाही. टाकी गच्चीवर चढते, पॅनेल दक्षिणेला तोंड करून उभं राहतं, आणि मग प्लंबर कठड्यावरून खाली वाकून बघतो की लाइन कुठून उतरवता येईल. जिथून सोयीची वाटते तिथून ती उतरते. पुढची पंधरा-वीस वर्षं त्या घरातल्या प्रत्येक अंघोळीचं पाणी त्याच वाटेनं येतं.

हे पुस्तक त्या वाटेबद्दल आहे. ऊन पकडून पाणी तापवायचं आणि ते रात्रभर टाकीत गरम ठेवायचं, ही दोन्ही कामं आता साध्यासुध्या यंत्रालाही चांगली जमतात. तरीही गच्चीवर सोलर असलेल्या कितीतरी घरांत सकाळी गिझर लागतो, आणि कारण विचारलं की उत्तर येतं, ‘आमचं सोलर नीट चालत नाही.’ वर जाऊन टाकीच्या तोंडाशी पाणी काढून पाहावं तर ते हात लावू नये इतकं कढत असतं. यंत्र चाललेलं असतं. पाणी गच्चीवरून न्हाणीघरात पोचताना निवलेलं असतं, किंवा पोचायला इतका वेळ लागतो की माणूस कंटाळून गिझरचं बटण दाबतो. यंत्राला दोष देण्याआधी पाइपाकडे पाहा, हे मला या सगळ्या पानांतून सांगायचं आहे. आणि नवं घर बांधत असाल तर टाकीची जागा ठरवण्याआधी पाइपाची वाट ठरवा.

पाइपाकडे आपलं लक्ष का जात नाही, याचं कारण आपल्या न्हाणीघरांच्या इतिहासात आहे. तांब्याचा बंब अंघोळीच्या जागेतच किंवा तिच्या दाराशी असायचा. मधल्या नळीत लाकडं, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या घालायच्या, भोवतीचं पाणी तापायचं, आणि बंबाच्या तोटीखाली बादली ठेवली की झालं. तोटीपासून बादलीपर्यंत वीतभर अंतर. चुलवणावरचं हंडाभर पाणी उचलून आणलं तरी चार पावलं. पुढे विजेचा गिझर आला तोही डोक्यावरच टांगला गेला. त्याच्यापासून नळापर्यंत जेमतेम मीटर-दीड मीटर पाइप. सोलरनं पहिल्यांदाच पाणी तापवण्याची जागा आणि अंघोळीची जागा यांच्यात तीन-चार मजले आणले. तिथे वीस-तीस मीटर पाइप मध्ये आला, पण तो टाकण्याची आपली रीत गार पाण्याच्या लाइनीचीच राहिली. गार पाण्याला वाट लांबली काय आणि पाइप उघडा राहिला काय, काही फरक पडत नाही.

हा प्रश्न सोलरच्या जन्मापासूनचा आहे. १८९१ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरन्स केम्प यांनी ‘क्लायमॅक्स’ या सौर बंबाचं पेटंट घेतलं. काळ्या रंगवलेल्या धातूच्या टाक्या, त्यांच्याभोवती लाकडी खोकं आणि वर काच, एवढीच ती रचना. दुपारी पाणी छान तापे, पण तापण्याची आणि साठवण्याची जागा एकच असल्यानं सूर्य मावळला की त्याच काचेतून उष्णता परत जाई. सकाळी पाणी पुन्हा गार. कॅलिफोर्नियात १९०९ च्या सुमारास विल्यम बेली यांनी या दोन जागा वेगळ्या केल्या. उन्हात नळ्यांचं पॅनेल, त्याच्याहून उंचावर उष्णतारोधक आवरणात गुंडाळलेली टाकी, आणि दोहोंना जोडणारे पाइप. त्यांच्या कंपनीचं नाव ‘डे अँड नाइट’ होतं, आणि ते त्यांनी सार्थ केलं, कारण त्यांचं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी गरम मिळे. आपल्या गच्चीवर आज जे उभं आहे ते मूळ रचनेत बेली यांचंच आहे. मात्र टाकीला जे आवरण त्यांनी दिलं ते टाकीच्या पुढे नळापर्यंत न्यायचं काम आपण शंभर वर्षांनंतरही अर्धंच केलं आहे.

आपली धोरणंही मोजतात ती पॅनेलं. जानेवारी २०१० मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर मिशननं २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर सौर-तापक पृष्ठभागाचं लक्ष्य ठेवलं होतं. पुणे महापालिका सोलर बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत देते, आणि महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत इमारतींवर सौर यंत्रणा बसवण्याची तरतूद आहे. या सगळ्याचा फायदा झाला, यंत्रं गच्च्यांवर चढली, आणि त्याबद्दल मला आनंद आहे. पण यंत्र गच्चीवर आहे की नाही हे डोळ्यांनी दिसतं, म्हणून ते तपासलं जातं. भिंतीत गाडलेला पाइप कोणाला दिसत नाही. मुंबई आयआयटीचे प्रा. सुहास सुखात्मे यांच्या १९८४ सालच्या सौर ऊर्जेवरच्या पाठ्यपुस्तकाच्या उपशीर्षकात उष्णता गोळा करणं आणि साठवणं असे दोन विषय आहेत, आणि इंजिनिअरांच्या किती पिढ्या त्यावर शिकल्या. तिसरं काम पोचवण्याचं. ते प्लंबरकडे सोपवून आपण मोकळे झालो.

आता प्रत्यक्ष पाइपाकडे येऊ. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपाच्या एका मीटरमध्ये साधारण पाव लिटर पाणी मावतं. एक इंचीत चारशे मिलिलिटरच्या थोडं वर आणि अर्ध्या इंचीत सव्वाशेच्या आसपास. हे तीन आकडे लक्षात ठेवले तर कोणत्याही घराचं गणित बोटांवर करता येतं. टाकीपासून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत पंचवीस मीटर लाइन असेल आणि ती एक इंची असेल, तर सकाळी नळ उघडल्यावर आधी दहा-अकरा लिटर गार पाणी येणार. तीच लाइन पाऊण इंची असेल तर सहा लिटरच्या आसपास. ‘प्रेशर चांगलं येईल’ म्हणून एक माप वरचा पाइप टाकणं ही आपल्याकडची पक्की सवय आहे. गरम पाण्याच्या बाबतीत ती सवय रोज सकाळी पाच लिटर पाणी आणि दोन मिनिटं खाते. मुख्य लाइन किती घरांना, किती नळांना पाणी देणार आहे ते पाहून माप ठरवायचं असतं आणि पुढच्या फांद्या बारीक ठेवायच्या असतात. एकट्या वॉश-बेसिनला पाऊण इंची फांदी देण्याचं काहीही कारण नाही.

बादलीनं अंघोळ करणाऱ्या घरांत हे नुकसान जाणवत नाही, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. टाकीत पाणी साठ अंशांचं असतं, अंगावर घ्यायला चाळीस अंशांचं लागतं. म्हणजे विसण घालावं लागतंच. लाइनीत रात्रभर निवलेलं पाणी आधी बादलीत पडतं, तेच विसण होतं, आणि एक थेंब वाया जात नाही. शॉवरखाली उभा राहिलेला माणूस मात्र तेच पाणी मोरीत सोडून देतो. घरात शॉवर आले, तसा सोलरचा पाइप अचानक लांब वाटू लागला. म्हणून या पुस्तकात प्रत्येक हिशोब बादली आणि शॉवर अशा दोन्ही पद्धतींसाठी वेगवेगळा मांडला आहे. बादलीवाल्या घरानं शॉवरवाल्या घराचा खर्च करायची गरज नाही.

इन्सुलेशनबद्दल लोकांच्या मनात एक आशा असते : पाइप गुंडाळला की सकाळी नळ उघडताच गरम पाणी. तसं होत नाही, आणि हे आधीच स्पष्ट सांगितलं पाहिजे. पाऊण इंची जुना जीआय पाइप घ्या, आत साठ अंशांचं पाणी, बाहेर हिवाळ्यातली वीस अंशांची स्थिर हवा. उघडा असेल तर तो मीटरमागे सुमारे चाळीस वॅट उष्णता सोडत राहतो. वारा असेल तर दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. त्याच पाइपावर तेरा मिलिमीटर जाडीचा बंद पेशींचा रबरी फोम चढवला तर सोडणं अकरा वॅटच्या आसपास येतं. लाइन बंद असताना आतलं पाणी साठावरून चाळीस अंशांवर यायला उघड्या पाइपात अर्धा तासही लागत नाही. गुंडाळलेल्या पाइपात दीड तासाहून जास्त लागतो. रात्रीचे आठ-दहा तास दोघांनाही भारी पडतात. सकाळच्या पहिल्या अंघोळीला दोन्ही पाइपांतलं पाणी गारच.

फरक पडतो तो दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या अंघोळीला. साडेसहाला एक जण, सात वाजून दहा मिनिटांनी दुसरा, पावणेआठला शाळेची घाई असलेलं मूल, मग सवडीनं आजी. उघड्या लाइनीत प्रत्येक वेळी पाणी नव्यानं निवलेलं असतं आणि प्रत्येक जण नव्यानं वाट पाहतो. गुंडाळलेल्या लाइनीत पहिल्यानं आणलेलं गरम पाणी पुढच्यासाठी टिकून असतं. स्वयंपाकघरात भांडी घासायला दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं गरम पाणी घेणाऱ्या घरात तर हा फायदा दिवसभर चालतो. उलट सगळे ओळीनं अर्ध्या तासात अंघोळ उरकतात, अशा घरात भिंतीआडच्या पाइपाला महागडं आवरण देऊन फारसं हाती लागत नाही. तिथे लाइन आखूड करण्यावर पैसे घालावेत. इन्सुलेशन हवं की नको याचं एकच उत्तर सगळ्या घरांना देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

जाडीचंही तसंच. तेराची पंचवीस मिलिमीटर केली तर अकरा वॅटचे आठ होतात. पहिल्या थरानं जवळजवळ तीन चतुर्थांश काम केलेलं असतं. दुसरा थर त्यात थोडीच भर घालतो. आपल्या हवेत घरगुती लाइनीला तेरा ते एकोणीस मिलिमीटर पुरे. जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी तळघरातले पाइप पाहिले असतील : तिथल्या कायद्यानं बावीस मिलिमीटरपर्यंतच्या आतल्या व्यासाच्या गरम पाइपाला वीस मिलिमीटर आणि त्यापुढे पस्तीसपर्यंत तीस मिलिमीटर आवरण लागतं, आणि न तापवलेल्या खोल्यांतून जाणारे, हाताशी असलेले जुने पाइपही घरमालकाला गुंडाळून घ्यावे लागतात. तिथे हिवाळाभर चोवीस तास खोल्या तापवणारं पाणी फिरत असतं, म्हणून तो आकडा तिथे योग्य आहे. पुण्या-नाशिकच्या घरात तो उचलून आणायची गरज नाही. आणायची आहे ती कसोशी. कारण पंचवीस मीटर लाइन नीट गुंडाळून व्हॉल्व्ह, युनियन आणि टाकीच्या तोंडाजवळचा हातभर भाग उघडा सोडणं हे आपल्याकडे सर्रास चालतं. उघडा व्हॉल्व्ह साधारण मीटरभर उघड्या पाइपाइतकी उष्णता सोडतो. सांधे, एल्बो, टी हे सगळं झाकलं गेलं तरच काम पुरं झालं म्हणायचं.

आपल्याकडे आवरणाचा खरा शत्रू पावसाळा आहे. उष्णतारोधक म्हणून जे काही वापरतो त्यात काम करते ती आत अडकलेली स्थिर हवा. पाण्याची उष्णता वाहण्याची क्षमता हवेच्या वीसपटीहून अधिक आहे. काचलोकरीत पाणी शिरलं की ती ओल्या स्वेटरसारखी होते, आणि पत्र्याखाली महिनोन्महिने तशीच ओली राहून आतला लोखंडी पाइप गंजवते. कोकणात, महाबळेश्वरात, आंबोलीत उघड्यावर काचलोकर वापरूच नये. बंद पेशींचा नायट्राइल फोम पाणी पीत नाही, पण ऊन त्याला सोसत नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत तो भेगाळतो आणि भुगा होऊन पडू लागतो. म्हणून गच्चीवरच्या फोमला वरून ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा काचकापड आणि त्यावर लेप हवाच. पत्र्याचा जोड खालच्या बाजूला यावा, उभ्या लाइनीत वरचा तुकडा खालच्यावर चढावा, कौलं घालताना घालतो तसा, म्हणजे पाणी आत शिरत नाही. एवढी साधी गोष्ट, पण उलटा घातलेला पत्रा मी शहरागणिक पाहिला आहे. उंदीर, कावळे, माकडं फोम कुरतडतात, ओढतात. त्यांच्यापासूनही पत्राच वाचवतो.

पाइप कशाचा, यावर पुस्तकात मोठं प्रकरण आहे, त्यामुळे इथे थोडक्यात. पांढरा पीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, आणि टाकीकडे येणाऱ्या गार पाण्याच्या लाइनीचा शेवटचा काही फुटांचा भागही त्याचा असू नये, कारण टाकीतलं गरम पाणी मागे सरकून तो मऊ करतं. सीपीव्हीसी चांगला, पण त्याच्या मर्यादा आहेत : तेवीस अंशांना तो जेवढा दाब सोसतो, ब्याऐंशी अंशांना त्याच्या चौथा हिस्साच. उन्हात तो रंगवावा लागतो, आणि रंग पाण्यात कालवायचाच हवा. जीआय उष्णतेला भक्कम, पण बोअरच्या जड पाण्यात आतून क्षार धरतो आणि वर्षागणिक अरुंद होत जातो. तांबं आणि जीआय थेट जोडले तर जीआय लवकर गंजतो.

फुगण्याबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. पाणी वीसवरून साठ अंशांवर गेलं की दहा मीटर जीआय पाइप पाच मिलिमीटरच्या आतबाहेर लांबतो, तांब्याचा सात, सीपीव्हीसी पंचवीस ते अठ्ठावीस आणि साधा पीपीआर सहा सेंटिमीटरच्या घरात. रोज सकाळी लांबतो, रोज रात्री आखडतो. सरळ रेषेत दोन्ही टोकांना घट्ट आवळलेली सीपीव्हीसी लाइन मग एल्बोपाशी तडकते किंवा कमानीसारखी वाकते. भिंतीत झिरी मारून सिमेंटनं गच्च बुजवलेली लाइन प्लॅस्टर उकलते, टाइल सोडवते. आणि इथे इन्सुलेशनचा दुसरा, फारसा न सांगितला जाणारा उपयोग आहे : भिंतीत जाण्याआधी पाइपावर सहा-नऊ मिलिमीटरची फोमची बाही चढवली तर पाइपाला हलायला जागा मिळते आणि भिंत उष्णता शोषून घेत नाही. झिरी तेवढी रुंद मारायला हवी, हे गवंड्याला आधी सांगायला हवं. प्लंबर आणि गवंडी एकाच दिवशी साइटवर असले तर हे पाच मिनिटांत ठरतं. उघड्या लाइनीत दर काही मीटरनंतर वळसा किंवा काटकोन ठेवावा, आणि आडव्या पाऊण इंची सीपीव्हीसी लाइनीला तीन-तीन फुटांवर आधार द्यावा, पण पाइप क्लॅम्पमध्ये सरकला पाहिजे.

गच्चीवर, पॅनेल आणि टाकी यांच्यामधला पाइप वेगळ्याच नियमानं चालतो. तिथे पंप नसतो. पॅनेलमधलं पाणी तापलं की हलकं होऊन वर चढतं, टाकीच्या तळाचं गार पाणी त्याची जागा घेतं. ही ढकल किती नाजूक आहे पाहा : वीस अंशांच्या आणि साठ अंशांच्या पाण्याचे मीटरभर उंचीचे दोन स्तंभ शेजारी ठेवले तर त्यांच्या वजनातला फरक जेमतेम दीड सेंटिमीटर पाण्याएवढा. एवढ्याशा जोरावर अख्खं यंत्र चालतं. म्हणून त्या पाइपाला सलग चढ हवा, मध्ये कुठे कुबड आलं की तिथे हवा अडकते आणि प्रवाह थांबतो. म्हणून पॅनेलच्या रचनेत टाकीचा तळ पॅनेलच्या डोक्याच्या निदान फूटभर वर हवा, नाहीतर रात्री प्रवाह उलटा होऊन टाकीतली उष्णता पॅनेलमधून आकाशात जाते. आणि टाकीवरचा हवेचा उभा पाइप, एअर व्हेंट, गार पाण्याच्या टाकीतल्या पातळीच्या वर उघडाच राहायला हवा. त्याच्यावर कधीही व्हॉल्व्ह बसवू नये, त्याचं तोंड कधीही बंद करू नये. बंद व्हेंटमुळे टाकी फुगून फाटू शकते आणि पाणी खेचलं गेल्यावर आत चेपूही शकते. थेंब थेंब गळतो म्हणून व्हेंटला डमी लावल्याचं दिसलं तर ती त्याच दिवशी काढा. काचेच्या ट्यूब रिकाम्या असताना भर दुपारी त्यांत गार पाणी सोडू नका. तापलेली काच तडकते. ते काम पहाटे करा.

फ्लॅटमधून सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार इन्सुलेशनशी संबंधित नसते, तरी तिचा दोष पाइपांतच असतो. गार पाण्याच्या लाइनीला प्रेशर पंप बसवलेला असतो आणि सोलरची लाइन फक्त उंचीच्या जोरावर येते. शॉवरच्या मिक्सरमध्ये दोन्ही लाइनी भेटतात. गार पाण्याचा दाब जास्त, मग ते मिक्सरमधून गरम लाइनीत घुसतं आणि सरळ वर चढतं. कोणा एका फ्लॅटमध्ये मिक्सरचे दोन्ही नळ उघडे ठेवून पुढचा हँड शॉवर बंद केलेला असला, तर त्या वाटेनं गार पाणी अख्ख्या इमारतीच्या गरम लाइनीत शिरतं, आणि वरच्या मजल्यावरचे लोक सोलर कंपनीला फोन करत राहतात. उपाय दोनच : दोन्ही लाइनींना एकाच उंचीचा, एकाच दाबाचा उगम द्यावा, आणि प्रत्येक मिक्सरच्या मागे दोन्ही बाजूंना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावेत. बिल्डिंग बांधताना हे व्हॉल्व्ह फार महाग पडत नाहीत. टाइल लागल्यावर मात्र पडतात.

उंच सोसायट्यांत आता पंपानं गरम पाणी फिरवत ठेवण्याची पद्धत आली आहे. वरच्या टाकीतून पाणी खाली जातं, परतीच्या लाइनीनं पुन्हा वर येतं, त्यामुळे नळ उघडताच गरम मिळतं. ही सोय चांगली आहे, पण उघड्या पाइपांवर ती घातक ठरते. शंभर लिटर पाणी वीसवरून साठ अंशांवर न्यायला साधारण साडेचार ते पावणेपाच युनिट उष्णता लागते. एका घराची रोजची गरज म्हणून तेवढी धरा. साठ मीटरचा उघडा फेरा सकाळच्या तीन तासांत सात युनिटांच्या आसपास हवेत सोडतो, म्हणजे दीड घराचं पाणी. पंप चोवीस तास चालू राहिला तर बारा घरांचं. तोच फेरा गुंडाळला तर तीन तासांचं नुकसान दोन युनिटांवर येतं. सोसायटीच्या बैठकीत पंपाची जात आणि टायमरची किंमत यावर तास जातो. आधी पाइप गुंडाळले आहेत का, हे विचारून मगच पंपाचा ठराव करावा, आणि टायमर सकाळपुरताच लावावा.

सुरक्षेची गोष्ट मी जाणूनबुजून शेवटी ठेवलेली नाही. ती प्रत्येक प्रकरणात आहे. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसाच्या कातडीला पाच-एक सेकंदांत भाजतं, लहान मुलाला त्याहून लवकर. एप्रिल-मेमध्ये, चार दिवस घर बंद ठेवून आल्यावर टाकीतलं पाणी ऐंशी अंशांच्या वर असू शकतं. बादलीत आधी गार आणि मग गरम ही सवय घरात सगळ्यांना लावावी, आणि जिथे लहान मुलं किंवा म्हातारी माणसं शॉवर वापरतात तिथे तापमान बांधून देणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह बसवावा. दुसरीकडे, कोमट पाणी लांब लाइनीत आठवडाभर साचून राहणंही बरं नाही. लीजिओनेला नावाचे जिवाणू वीस ते पंचेचाळीस अंशांच्या पाण्यात वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊ शकतात. वापर बंद झालेल्या न्हाणीघराची फांदी मुख्य लाइनीपासूनच तोडून बुजवावी. पाहुण्यांच्या न्हाणीघरात दर आठवड्याला गरम नळ काही मिनिटं सोडावा.

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की यातलं बरंचसं प्लंबरनं जाणायचं आहे. प्लंबरांसाठी हे पुस्तक आहेच, आणि त्यांच्या रोजच्या बोलीतले शब्द मी मुद्दाम तसेच ठेवले आहेत. पण माझ्या मते निम्मं काम प्लंबर येण्याआधीच बिघडलेलं असतं. न्हाणीघरं नकाशात चार कोपऱ्यांना विखुरलेली असतात, डक्ट एकाच न्हाणीघरामागे असतो, आणि सोलर मात्र दर्शनी बाजूला, कारण तिथे गच्ची मोकळी आहे. पॅनेल तीन मीटर इकडे-तिकडे सरकल्यानं उन्हात काही फरक पडत नाही, सावली नसली म्हणजे झालं. पाइप तीन मीटरनं वाढला की तो रोज जाणवतो. आर्किटेक्टनं न्हाणीघरं आणि स्वयंपाकघर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून, एकावर एक ठेवली आणि त्यांच्या बरोबर वर टाकीसाठी आधाराचा कट्टा काढला, तर इन्सुलेशनचा अर्धा खर्च तिथेच वाचतो. माझा आग्रह आर्किटेक्टांना सगळ्यात जास्त आहे, कारण त्यांची एक रेघ पुढे कोणालाही बदलता येत नाही.

या पुस्तकात काय नाही तेही सांगतो. कोणत्या कंपनीचं यंत्र घ्यावं हे इथे नाही. विजेचे सोलर पॅनेल इथे नाहीत. लेह-लडाखसारख्या गोठणाऱ्या प्रदेशांतल्या यंत्रणा नाहीत, कारण तिथे पाइपातलं पाणीच बर्फ होतं आणि त्यासाठी वेगळा द्रव, वेगळी रचना लागते. तो विषय स्वतंत्र पुस्तकाचा आहे. दर आणि किमती दिलेल्या नाहीत, त्या वर्षभरात बदलतात. मोजमापं मात्र सगळी दिली आहेत, आणि शक्य तिथे प्रत्येक गणित करून दाखवलं आहे, म्हणजे तुमच्या घराचे आकडे घालून ते पुन्हा करता येईल.

घर बांधून झालेल्यांनी सरळ चौथ्या प्रकरणापासून सुरुवात करावी. तिथे पावसाळ्याआधी गच्चीवर काय पाहायचं, कोणता व्हॉल्व्ह बंद करून कोणती लाइन तपासायची, टाकीच्या तोंडाशी आणि नळाशी साध्या थर्मामीटरनं तापमान घेऊन दोष कुठे आहे ते कसं ओळखायचं, हे क्रमानं दिलं आहे. नवं बांधणाऱ्यांनी पहिल्या प्रकरणासाठी आपल्या घराचा नकाशा जवळ घेऊन बसावं. त्या प्रकरणात टाकीपासून प्रत्येक नळापर्यंतची लाइन पेन्सिलीनं काढून, तिचे मीटर मोजून, तीत मावणारं पाणी लिहायचं आहे. कोणत्याही एका नळासाठी तो आकडा पाच लिटरच्या वर गेला, तर पाया खणण्याआधी आर्किटेक्टला दाखवा.